पाव वर येतो, खरकटं खाली जातं

रविवारी सकाळी १० वाजता मी ४१ सेमल खरकट्याच्या पिंपात टाकले. सेमल म्हणजे इथला गोल पाव, वर पाच पाकळ्यांची चक्री असलेला. मोजले, कारण दुसरं काही कामच नव्हतं. बाहेर धुकं असं की अंगणापलीकडचा रोपवेचा खांबही दिसेना. नाश्त्याला ७० जण येणार होते, आले २६. बाकीच्यांनी हवामानाचा अंदाज बघून आदल्या दुपारी फोनवर बुकिंग रद्द केलं, काहींनी तर फोनही केला नाही. पावाची ऑर्डर मात्र शुक्रवारीच खाली गेली होती.

इन्सब्रुकला शिकायला आल्यापासून हा माझा दुसरा उन्हाळा आहे झिलरटालमधल्या एका डोंगरी खानावळीत. ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतातली ही लांबलचक दरी. प्रांताची लोकवस्ती जेमतेम पावणेआठ लाख, पण पाहुणे वर्षाला साडेचार कोटींहून जास्त रात्री इथे मुक्काम करतात. खाली गावात शे-दोनशे घरं असतील, त्यांच्या डोक्यावर एवढी माणसं रोज जेवतात.

आमच्यापर्यंत रस्ता नाही. दूध, बटाटे, बिअरची पिंपं, पाव, सगळं मालवाहू रोपवेच्या पेटीतून वर येतं आणि दुपारी त्याच पेटीतून खरकटं खाली जातं. खरकट्याचं पिंप १२० लिटरचं, चिमट्याचं झाकण असलेलं. ऑगस्टमध्ये ते उघडलं की आधी गांधीलमाश्या बाहेर येतात आणि मागून वास: कॉफीचा चोथा, अंडं, टरबूज, वर ओल्या पावाचा आंबूस दर्प. भरलेलं पिंप पेटीत चढवायला दोघं लागतात. म्हणजे हे अन्न आधी डोंगर चढतं, मग कुणाच्याही पोटात न जाता डोंगर उतरतं. दोन्ही वेळा वीज आमचीच.

घरून आईने विचारलं, तिथेच खड्डा करून पुरत का नाही? पहिल्या आठवड्यात मीही हेच विचारलं होतं. एवढ्या उंचीवर थंडीमुळे कुजायला वेळ फार लागतो, वर्षातले कित्येक महिने जमीन गोठलेली असते, आणि उघड्यावर टाकलं की कोल्हे अन् पिवळ्या चोचीचे डोंगरकावळे हजर. मग डुकरं? पूर्वी तोच रिवाज होता. चीज करून उरलेलं पाणी आजही कुरणावरच्या डुकरांना पाजतात. पण खानावळीचं उष्टं घालायचं नाही. २००१ साली ब्रिटनमध्ये लाळ्या-खुरकुताची भयंकर साथ आली, तिचा माग डुकरांना घातलेल्या उष्ट्यापर्यंत लागला, आणि त्यानंतर युरोपीय संघाने ते बंदच केलं. नियम चुकीचा नाही. पण त्याने डोंगरावरचा एक जुना फेरा तुटला, हेही खरं.

आता दरीच्या तोंडाशी श्ट्रास गावात सांडपाण्याचं केंद्र आहे, तिथे असलं खरकटं गाळाबरोबर कुजवून गॅस काढतात, त्यातून वीज करतात. व्यवस्था चोख आहे. मला तिची एकच तक्रार वाटते: ती इतकी चोख आहे की टाकताना कुणाला काही वाटतच नाही. "वीज होते ना त्याची," असं आमचा एक वेटर प्लेट ओतताना म्हणतो. पावाची वीज करायची होती तर भट्टी कशाला पेटवली?

गंमत म्हणजे इथलं सगळ्यात मानाचं खाणं शिळ्या पावाचं आहे. क्नोडेल! शिळ्या सेमलचे तुकडे, दूध, अंडी, डुकराच्या खारवलेल्या मांसाचे बारीक तुकडे, सगळं मळून लाडवासारखे गोळे वळायचे आणि मिठाच्या पाण्यात शिजवायचे. आपल्या फोडणीच्या पोळीचा चुलतभाऊच. ग्रोस्टल तसंच, कालचे उकडलेले बटाटे आणि उरलेलं मांस तव्यावर परतलेलं. एकेकाळी काही वाया जाऊ नये म्हणून केलेले हे पदार्थ आज पाहुणे आवर्जून मागतात आणि अर्धे ताटात टाकून उठतात. आणि त्या रविवारी ४१ सेमल टाकून मी कोठीत गेले, तर शेल्फवर क्नोडेलसाठी विकत आणलेल्या वाळक्या पावाच्या तुकड्यांची पाकिटं रचलेली!

बुफेच्या टेबलावर पाटी आहे, इथलं खाणं बाहेर नेऊ नये. डोंगर चढायला निघालेला माणूस एक सेमल खिशात घालताना दिसला की आमचे मालक घसा खाकरतात. तोच सेमल तासाभराने मी टाकते, कारण एकदा पाहुण्यांसमोर मांडलेलं पुन्हा वाढता येत नाही.

एक प्रथा मात्र मला फार आवडली. लहान मुलांसाठी 'रॉयबरटेलर' मागवता येते, म्हणजे दरोडेखोराची ताटली. वेटर रिकामी ताटली आणि काटा-चमचा आणून ठेवतो आणि पोराने आईबापांच्या ताटातून लूट करायची. पोरं खूश, आणि मुलांच्या नावाने मागवून तसंच टाकलेलं जेवण वाचतं.

पाकिटांची गोष्ट मी स्वयंपाकीणबाईंना सांगितली. त्या साठीच्या, बोलायला कमी. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मला दिसत नाही असं वाटलं का तुला?" अडचण मालकांची होती. बुफेवरची पावाची टोपली १० वाजेपर्यंत भरलेली दिसली पाहिजे, हा त्यांचा हट्ट. बाईंनी वाद घातलाच नाही. दुसऱ्या दिवशी मोठी टोपली माळ्यावर गेली आणि बुफेवर लहान आली. दहा सेमल मावतात, त्यामुळे सदा भरलेलीच दिसते. मला मात्र स्वयंपाकघर ते बुफे सारख्या फेऱ्या. पहिल्या दोन दिवशी पाय दुखले तेव्हा तोंड उघडल्याचा पश्चात्तापही झाला.

परवा पुन्हा धुकं पडलं, पुन्हा फोन आले. टोपलीतले चारच सेमल पिंपात गेले. स्वयंपाकघरात राहिलेले तीसेक बाईंनी कापून ट्रेमध्ये पसरले आणि भट्टीवरच्या फळीवर वाळत ठेवले. दुपारी पिंप उचलायला वेटरला हाक मारली, तो येईना. शेवटी मी एकटीनेच ते पेटीत चढवलं.