काळी वायर

आज रविवार अख्खा गाडीखाली गेला. आमच्या जुन्या व्हॅनचा ब्रेक दाबला की मागचा डावा इंडिकेटरपण मंद पेटायचा, भुताटकीच! नाशिकमध्ये सातपूरला एका मेकॅनिकने दोन बल्ब बदलले, फ्यूज बघितला, पैसे घेतले, आणि द्वारकेच्या सिग्नलला परत तेच.

मग मामा म्हणाले, अरे आधी वायरिंगचा डायग्राम तरी बघ. प्रिंट काढून बॉनेटवर पसरली, पहिली दहा मिनिटं नुसत्या रेघोट्या दिसत होत्या, पण रंग धरून बोट फिरवलं तर कळलं की ब्रेक, टेल आणि इंडिकेटर तिघांची काळी वायर एकाच बोल्टवर अर्थ होते (अर्थिंग, करंट परत जायला गाडीच्या बॉडीला जोडलेली). म्हणजे अर्थ खराब असला की करंट परतीची वाट शोधत शेजारच्या बल्बमधून घुसतो. व्होल्ट मोजायच्या मल्टिमीटरचा एक प्रोब (टोक) बल्ब होल्डरच्या काळ्या वायरला, दुसरा बॉडीच्या कोऱ्या पत्र्याला, मामांनी ब्रेक दाबला, आणि रीडिंग ३.८ व्होल्ट! तिथे जवळपास शून्य पाहिजे. बोल्ट खोलला तर नुसता गंज, यंदाच्या पावसाची कृपा. पॉलिश पेपरने घासून आवळला, रीडिंग ०.०५ व्होल्ट.

खर्च पेपरचे दहा रुपये, आणि मामांना मिसळ. ती महाग पडली 😄