मैदानभर लेझीम एका ठेक्यात बसवताना

प्रजासत्ताक दिनाला साताऱ्याच्या शाहू स्टेडियमवर आसपासच्या शाळांची मिळून लेझीम, मल्लखांब आणि मनोऱ्यांची प्रात्यक्षिकं बसवायचं काम माझ्याकडे आलं. परवानग्या, गणवेश, पोरांचा नाश्ता यांत डिसेंबर संपला. ते सगळ्याच क्रीडाशिक्षकांच्या नशिबी असतं.

खरी मेख होती ठेक्यात. शाळेच्या पटांगणात चार आवाज, एक जागा, पवित्रा हे लेझीमचे प्रकार सगळे झकास व्हायचे. मोठ्या मैदानावर उतरलो तर लांबच्या रांगा हमखास मागे. पोरांवर ओरडून काय होणार? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. १०० मीटरवरच्या पोराला हलगीचा ठोका ०.३ सेकंद उशिराच पोचतो. मिनिटाला १२० ठोके धरले तर अर्ध्या ठोक्याहून जास्त फरक! त्यात दोन टोकांना स्पीकर लावले की एकाच ठोक्याचे दोन ठोके.

तोड काढली माणदेशातून आलेल्या गजी ढोलवाल्यांनी. त्यांच्यातले म्होरके म्हणाले, "मास्तर, शिट्टी ठिवा खिशात. आमाला मधी उभं करा. पोरांनी ऐकायचं न्हाय, आमच्या पायाकडं बघायचं." गजीवाले वाजवता वाजवता नाचतात, उड्या घेतात, ते लांबूनही दिसतं. मध्ये उभे राहिल्यामुळे अंतरही निम्मं झालं. स्पीकर निवेदनापुरते ठेवले. हे कुठल्याही शिबिरात मला कुणी शिकवलं नव्हतं.

मल्लखांबाचं दुखणं वेगळं. ट्रॅकवर खांब पुरता येत नाही, म्हणून लोखंडी स्टँड आणि त्यावर वाळूची पोती. खांबाला एरंडेल चोळलेलं, वर जानेवारीचं दव. पकड सुटायला तेवढं पुरे. पाळी येईपर्यंत खांब गोणपाटात गुंडाळून ठेवले आणि ऐन वेळी कोरड्या फडक्यानं पुसले. ध्वजवंदन, राष्ट्रगीत, राज्यगीत, संचलन, भाषण, मग आम्ही. तोवर गारठलेल्या अंगानं पोरं बोंडावर, म्हणजे खांबाच्या टोकावर, चढवायची नाहीत, यावर मी अडून बसलो. स्टँडामागे त्यांना जोर-बैठका मारायला लावल्या. मनोराही चार थरांवर थांबवला. पाचव्याला टाळ्या मिळतात, हे मलाही माहीत आहे.

लेझीम बरी झाली. दोरुखी या प्रकाराला एका कोपऱ्यात जरा घोळ झाला, तो पाहुण्यांना कळला नाही. ढोलवाल्यांना कळला आणि त्यांनी तिथंच पायानं रांग सावरून घेतली. त्यांचं मानधन मात्र अजून कागदात अडकलंय. त्यासाठी सोमवारी परत खेटा आहे.