डिस्चार्जनंतरचा बीप

बाळ एनआयसीयूत (नवजात बाळांच्या आयसीयूत) होतं तेव्हा मी फारशी रडलेच नाही. लेक ३० आठवड्यांतच जन्माला आली, वजन १२५० ग्रॅम, आणि मी आपली दर तीन तासांनी पंप लावून दूध काढत बसायचे कारण माझ्याकडून होण्यासारखं तेवढंच होतं. कधीकधी जेमतेम १० एमएल निघायचं, ते सिस्टरकडे देताना इतकी लाज वाटायची ना.

नवरा मात्र मॉनिटरसमोरून हलायचा नाही. प्रीमॅच्युअर बाळं मधेच श्वास घ्यायचा थांबतात, मेंदूचा तो भाग अजून तयार झालेला नसतो, ड्यू डेटपर्यंत बहुतेकांचं थांबतं हे, डॉक्टरांनी सगळं नीट समजावलेलं. तरी तो प्रत्येक अलार्म, रक्तातल्या ऑक्सिजनचा प्रत्येक आकडा फोनमध्ये लिहून ठेवायचा आणि मला वाटायचं याला फक्त आकडेच दिसतात का, आणि त्याला वाटायचं मी पंपिंगच्या खोलीत लपून बसते. यावरून आम्ही कॉरिडॉरमध्ये भांडलोय, अगदी वाईट.

पहिलं कांगारू केअर त्यानेच केलं कारण मला ताप होता. उघड्या छातीवर ती एवढीशी, आणि तासभर त्याने मॉनिटरकडे बघितलं नाही. (१९७८ मध्ये कोलंबियात, बोगोटाला, इन्क्युबेटर कमी पडत होते म्हणून ही पद्धत सुरू झाली, हे मी नंतर वाचलं.)

४८ दिवसांनी घरी आलो. सगळे म्हणाले चला, सुटलात. तीन आठवड्यांनी एका रात्री वॉशिंग मशीनचा बीप वाजला आणि हा झोपेतून उठून धावत पाळण्यापाशी गेला, तिच्या नाकाखाली बोट धरून उभा, हात थरथरत होते. त्या रात्री मी रडले, सगळं साठलेलं बाहेर आलं.

बाळंतपणानंतरचं सुरुवातीचं रडू बहुतेकींचं दोन आठवड्यांत ओसरतं, माझं तर सुरूच उशिरा झालं आणि थांबेना, म्हणून काउन्सेलरकडे गेलो. तिथे बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायला १० प्रश्नांचा फॉर्म असतो, एडिनबर्ग स्केल म्हणतात, स्कोअर जितका जास्त तितकी नैराश्याची शक्यता जास्त. काउन्सेलरनी दोन कॉपी काढल्या. हा म्हणाला मी कशाला, मी ठीक आहे, मी फक्त हिला घेऊन आलोय. त्या म्हणाल्या भरा तरी.

त्याचा स्कोअर माझ्यापेक्षा जास्त आला.