नोकरदार माणूस धंदा काय शिकवणार?

‘तुम्ही आयुष्यभर नोकरी केलीत, मग मुलांना धंदा कसला शिकवता?’ निवृत्तीनंतर आयटीआय-पॉलिटेक्निकच्या मुलांना शिकवायला लागलो, तेव्हापासून हा प्रश्न कायम येतो. प्रश्न रास्त आहे. म्हणून उत्तर देतो.

मी भोसरीतल्या एका कारखान्यात परचेसला, म्हणजे खरेदी विभागात होतो. आम्हाला माल पुरवणारे, वर्कशॉप चालवणारे कितीतरी जण माझ्यासमोर बसून गेले. हातात कसब असलेली, मायक्रॉनमध्ये काम करणारी माणसं! त्यांतली अनेक जण बुडाली, तीही ऑर्डर हातात असताना. का, ते टेबलाच्या माझ्या बाजूने स्वच्छ दिसायचं. तेच शिकवतो.

पहिल्याच दिवशी फळ्यावर हिशेब मांडतो. महिन्याला ५ लाखांचं काम आणि पैसे ९० दिवसांनी, म्हणजे १५ लाख कायम बाजारात अडकलेले. वर १८ टक्के जीएसटी. कच्च्या मालावरचा कर वजा करून उरलेला पुढच्या महिन्याच्या २० तारखेला भरायचाच, गिऱ्हाइकाने पैसे दिलेले असोत वा नसोत. पगार, वीजबिल, मशीनचा हप्ता कुणासाठी थांबत नाहीत. प्रोजेक्ट रिपोर्टला मशीनचं कोटेशन सगळे जोडतात, खेळत्या भांडवलाचा, म्हणजे रोजचा धंदा चालवायला लागणाऱ्या पैशाचा रकाना मात्र अंदाजपंचे भरतात. मला याचा फार त्रास होतो, कारण बुडायला सुरुवात तिथेच होते.

मग कायदा. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म-लघु उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांत द्यावेच लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला, तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. पण उद्यम नोंदणी (अशा उद्योगांची सरकारी नोंदणी) ऑर्डर घेण्याआधीच हवी आणि डिलिव्हरी चलनावर, म्हणजे मालासोबतच्या कागदावर, माल पोचल्याची तारीख, सही-शिक्का हवा. २०२३-२४ पासून मुदतीत न दिलेल्या रकमेची आयकरातली वजावट, पैसे प्रत्यक्ष देईपर्यंत खरेदीदाराला मिळत नाही. त्यामुळे अकाउंट्सवालेही आता उद्यम क्रमांक विचारतात.

‘सर, थकलेल्या पैशांसाठी नोटीस दिली तर पुढची ऑर्डर मिळेल का?’ एका मुलीने विचारलं. बहुतेक नाही मिळणार. म्हणून तर एकाच गिऱ्हाइकावर वर्कशॉप उभं करू नका, असं मी पुन्हा पुन्हा बजावतो.

हा मार्ग माझा एकट्याचा नाही. भारतीय युवा शक्ती ट्रस्ट १९९२ पासून तरुण उद्योजकांना स्वयंसेवक मार्गदर्शक जोडून देतो. नवख्याला कर्जाइतकीच अशा माणसाची गरज असते, हे मला मनापासून पटतं.

पहिलं गिऱ्हाईक मिळवायचं कसं, ते मी शिकवत नाही. त्यासाठी आमच्या जुन्या व्हेंडरना (माल पुरवणाऱ्यांना) बोलावतो, तेही आनंदाने येतात. आता क्वालिटीतून, म्हणजे मालाचा दर्जा तपासणाऱ्या विभागातून निवृत्त झालेलं कुणीतरी हवंय. रिजेक्शन (माल नाकारणं) आणि डेबिट नोट (त्यापोटी बिलातून रक्कम कापल्याची चिठ्ठी) हा विषय मुलांना अजून नीट कुणी सांगितलेला नाही.