तुम्ही विचारलेत म्हणून : लळा लावून मग तोडायचा का?

टाकून दिलेल्या किंवा छळ झालेल्या मुलांना प्रतिपालक कुटुंब, म्हणजे दत्तक न घेता काही काळ आपल्या घरात सांभाळणारे कुटुंब, मिळावे, असे मी म्हटले की हमखास विचारले जाते : जे मूल काही महिन्यांनी जाणारच आहे, त्याला घरात आणून लळा लावायचा आणि मग तोडायचा, त्यापेक्षा चांगले बालगृह काय वाईट? विचारणाऱ्याच्या मनात मुलाविषयी कणवच असते, म्हणून उत्तर नीट द्यावेसे वाटते.

बालगृहात अन्न, कपडे, औषधे आणि शाळा यांची सोय होऊ शकते, आणि तिथे मनापासून राबणारी माणसेही असतात. पण तिथली माया पाळ्यांमध्ये वाटलेली असते. सकाळी अंघोळ घालणारी बाई रात्री नसते, रात्री तापलेल्या कपाळावर हात ठेवणारी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या खोलीत असते, आणि आपण रडलो तर कोण येईल हे तान्ह्या जिवाला कधीच उमगत नाही. रडूनही कोणी येत नाही असा अनुभव पुन्हा पुन्हा आलेले मूल शेवटी रडणेच सोडून देते. पाहुण्यांना ते गुणी वाटते; मला त्या गप्प बसण्याचीच सर्वांत जास्त धास्ती वाटते.

याला पुरावा आहे. रोमानियात १९८९ साली हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट कोसळली, तेव्हा तिथल्या सरकारी संस्थांमध्ये लाखाहून अधिक मुले होती, आणि त्यांतील बहुतेकांचे आईवडील जिवंत होते. पुढे तिथल्या राजधानीत, बुखारेस्टमध्ये, संशोधकांनी संस्थांतील १३६ लहान मुले निवडली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने त्यांतील निम्मी प्रतिपालक कुटुंबांकडे सोपवली. शहरात अशी कुटुंबे जवळजवळ नव्हतीच. ती आधी शोधून तयार करावी लागली. साडेचार वर्षांच्या वयात कुटुंबांकडे सोपवलेल्या मुलांचा सरासरी बुद्ध्यांक सुमारे ८१ भरला, संस्थेच्या वाट्याला आलेल्यांचा ७३, तर जन्मापासून आपल्याच घरी वाढलेल्यांचा १०९. दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्या मुलांना अधिक लाभ झाला. गेलेला काळ पुरता भरून निघत नाही, हेही त्याच आकड्यांत दिसते, आणि म्हणूनच मला घाई आहे.

छळ सोसलेल्या मुलाला घर देणे अधिक अवघड असते. मोठी माणसे दुखावतात हेच ते शिकलेले असते. त्यामुळे ते उशीखाली पोळी लपवते, हात उचलला की अंग चोरते, आणि जवळ घेणाऱ्यालाच बोचकारते. अशा वेळी नुसते प्रेम पुरत नाही. प्रतिपालकांना प्रशिक्षण लागते, समुपदेशक लागतो, घरी येऊन मुलाशी एकांतात बोलणारा समाजसेवक लागतो. देखरेख नसलेल्या घरात मूल पाठवण्याला माझा ठाम विरोध आहे. तसेच केवळ गरिबीमुळे मूल आईपासून दूर नेऊ नये, हे संयुक्त राष्ट्रांच्या २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटले आहे. तिथे आईला हातभार लावणे हाच उपाय.

आता तुटण्याविषयी. दत्तक घेणे कायमचे असते; प्रतिपालकत्व मात्र मुलाचे स्वतःचे घर सुरक्षित होईपर्यंत किंवा दुसरे कायमचे घर मिळेपर्यंत असते. निरोपाच्या वेळी दुःख होते, आणि त्याचा मोठा वाटा मोठ्यांनी उचलायचा असतो. निरोप एका दुपारी उरकायचा नसतो. आधी भेटी, मग एखादी रात्र, मग काही दिवस, आणि गेल्यावरही फोन, अशा पायऱ्यांनी तो द्यायचा असतो. एका माणसावर विसंबायला शिकलेले मूल दुसऱ्या माणसावरही विसंबू शकते. ज्याला कोणाचाच लळा लागला नाही, त्याला ती सुरुवातच करता येत नाही.

बाळांसाठी घरे त्या मानाने लवकर मिळतात. किशोरवयीन मुले, अपंग मुले आणि एकमेकांना सोडायला तयार नसलेली भावंडे मागे राहतात. तुमच्या घरात दोघांची जागा असेल, तर नाव नोंदवताना ते आधी सांगा.