तुम्ही विचारलंत म्हणून: पैसा नाही, पक्ष नाही, मग नगरसेवकपदाला उभ्या का राहिलात?

मी पडले, आणि निकाल लागल्यापासून हा प्रश्न रोज कुणी ना कुणी विचारतं. ब्लाऊज शिवायला आलेल्या बायका विचारतात, लग्नाच्या पंगतीत पाहुणे विचारतात. काहींना खरंच जाणून घ्यायचं असतं, म्हणून एकदा नीट लिहिते.

सोलापूर महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि मतदान झालं 15 जानेवारी 2026 ला. मधली जवळजवळ चार वर्षं शहराला नगरसेवकच नव्हता. सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. प्रशासक चांगला की वाईट, हा माझा मुद्दाच नाही. पहाटे सहाला ज्याच्या दारात जाऊन "ओ, पाणी का आलं नाही?" असं हक्कानं विचारता येईल असा माणूस उरला नव्हता, हे मला खुपत होतं. मत मागायला तो आपल्या दारात आलेला असतो, म्हणून आपल्यालाही त्याच्या दारात जाता येतं. ही ये-जाच बंद पडली.

मी शहराच्या पूर्व भागात राहते. घरात तेलुगू, दाराबाहेर मराठी, भाजीवालीशी थोडं कन्नड. आई विड्या वळायची, मी शिवणकाम करते. आमच्याकडे कुणी भेटलं की ख्यालीखुशालीच्या आधी "नीळ्ळु" आलं का, असं विचारतात. नीळ्ळु म्हणजे पाणी. उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटर पाईपलाईननं सोलापुरात येतं, आणि गल्लीच्या शेवटच्या चाळीस फुटांत अडतं. का अडतं ते शोधायला मी 2023 मध्ये एक वही केली. पाणी सोडणारा चावीवाला कधी आला, पाणी किती वाजता सुटलं, वरच्या टोकाला पहिली घागर किती वाजता भरली, सगळं लिहायचे. दोन महिन्यांत कळलं की पाणी येतच होतं, पण खालच्या टोकाला सात-आठ घरांनी नळालाच थेट मोटार जोडलेली होती. मोटार लागली की वरच्या घरांचा नळ नुसती हवा सोडायचा.

वही घेऊन मी त्या घरांत गेले. भांडले नाही, आकडे दाखवले. पहिला पाऊण तास कुणीच मोटार लावायची नाही, असं ठरलं. दोन घरं आजही पाळत नाहीत, पण शेवटच्या घरातल्या बाळंतिणीला टँकरची वाट बघावी लागत नाही. त्यानंतर शेजारच्या तीन गल्ल्यांतल्या बायका आपापल्या वह्या घेऊन आल्या. पण गल्लीच्या पलीकडचं, म्हणजे जुनी लाईन बदलणं, चावीची वेळ बदलणं, त्यासाठी पैसे मंजूर करून घेणं, हे वहीनं होत नाही. त्याला सभागृहात बोलावं लागतं. म्हणून उभी राहिले.

फॉर्म भरायला गेले तेव्हा मनात एकच होतं. 1930 साली याच शहराच्या नगरपालिकेवर, इंग्रजांचं राज्य असताना, तिरंगा चढला होता. त्या वर्षी मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि 12 जानेवारी 1931 ला चार सोलापूरकर येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या पुतळ्यांवरून आपण रोज रिक्षानं जातो. या गावात नगरपालिका म्हणजे नुसती नळपट्टी भरायची खिडकी कधीच नव्हती, असं मी मानते.

प्रचार छोटाच झाला. अपक्षाला चिन्ह मिळालं 3 जानेवारीला, प्रचार संपला 13 ला. कपबशी मिळाली. दहा दिवस, त्यात गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, घराघरांत पाहुणे. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख आणि प्रभाग 26, म्हणजे सरासरी एका प्रभागात छत्तीस-सदतीस हजार माणसं. पायी हिंडून एवढी दारं होत नाहीत. निम्मीसुद्धा झाली नाहीत.

पण पैशाहून मोठी अडचण मला एका अव्वानं, म्हणजे आजीनं दाखवली. ती उंबऱ्यात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसली होती. पत्र्याचं माप पानावर ठेवायचं, कात्री फिरवायची, तंबाखू पसरायची, वळायची, दोरा गुंडाळायचा. बोलतानाही हात थांबत नव्हते. मी तिला पुठ्ठ्यावर अ, ब, क, ड अशा चार जागा काढून समजावत होते, की प्रभागात चार जागा आहेत, चार वेळा बटण दाबायचं, त्यातलं एक माझं. तिनं वर न बघता विचारलं, "मग बाकीची तीन कुणाची?"

"तुम्हाला पटतील त्यांना द्या, अव्वा."

"ते तिघं तुझ्यासंगं पाण्यासाठी भांडतील का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कात्री चालू राहिली. मी पुठ्ठा घेऊन पुढच्या घरी गेले, पण तो प्रश्न घेऊनच गेले. पक्षाचा उमेदवार म्हणतो, चारही ठिकाणी हेच चिन्ह दाबा. ते लक्षात ठेवायला सोपं आहे, आणि त्यात चौघं एकत्र काम करतील हा भरवसाही आहे, मग तो खरा निघो वा न निघो. एकट्या अपक्षाला मत देणाऱ्यानं उरलेल्या तिघांचं काय करायचं, याचा मी विचारच केला नव्हता. मी पडले त्याला पैसा कारण आहेच, पण हेही आहे. लोकांना कळत नाही, लोक विकले जातात, असं माझं सांत्वन करणाऱ्यांना मी तिथंच थांबवते. अव्वाला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

दुसरा प्रश्न ओघानं येतोच: परत उभ्या राहणार का? राहणार. पण एकटी नाही. वह्या घेऊन आलेल्या तीन गल्ल्यांतली एक बाई, यंत्रमागावर काम करणारा एक भाऊ आणि मी, असे आम्ही तिघं दर रविवारी सकाळी बसतो. मतदार यादी घरोघर तपासतो, कुणाचं नाव दुसऱ्या प्रभागात गेलंय ते लिहून ठेवतो. चौथं माणूस अजून मिळायचंय. ते मिळालं की आधी त्या अव्वाकडे जाणार आहे.