अर्धी, चतकोर, नितकोर

१ मे १९८६. झेंडावंदन झालं, आठवीचा निकाल हातात आला आणि फाटकाशी मुलांचा घोळका दिसला. एकाच्या काकांनी मुंबईहून पेपर आणला होता. रशियात चेर्नोबिलला ॲटमिक फुटलं, असं तो सांगत होता. आमच्यापैकी कुणीही त्याला 'ॲटमिक म्हणजे काय?' असं विचारलं नाही.

आमच्या चिंचणी-तारापूरच्या पट्ट्यात हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र तारापूरला २८ ऑक्टोबर १९६९ रोजी सुरू झालं. वर्गात कुणाचे ना कुणाचे काका-मामा तिथे कामाला असायचेच. माझे बाबा मेंटेनन्सला होते. रात्री ओट्यावर बसलं की केंद्राचे दिवे दिसत. गावात वीज गेली, की तेवढेच दिसत. त्या दिवसापर्यंत मला ते आवडायचे.

त्या आठवड्यात बाबांना रात्रपाळी होती. पाळीची बस त्यांना घेऊन गेली आणि मी अंथरुणावर पडून कान लावून राहिलो. भोपाळ होऊन जेमतेम दीड वर्ष झालं होतं. तेव्हा आम्ही मुलांनी ठरवून टाकलं होतं की वास आला की ओलं फडकं तोंडाला लावायचं आणि वाऱ्याच्या आडवं पळायचं. पण पेपरवाला मुलगा म्हणाला होता, याला वास नसतो, रंग नसतो, कळतच नाही. मग पळायचं कधी, हे मला रात्रभर सुटलं नाही.

पहाटे आजी चुलीशी उठली. वाफाळत्या पाण्यात तांदळाचं पीठ उकडून ती परातीत मळायला घेई, आणि हाताला चटका बसला की बोटं गार पाण्यात बुडवून पुन्हा मळत राही. तव्यावर भाकरी टाकली की वरून पाण्याचा हात फिरवायचा, उलटायची आणि मग निखाऱ्यावर उभी धरायची. कडेकडेने फुगत ती टम्म होई. आजी बोटाने पापुद्रा उचले आणि म्हशीच्या लोण्याचा गोळा आत सोडून पापुद्रा परत मिटे. शेजारी निखाऱ्यातच सुका बोंबील भाजायला टाकलेला असे. तो दगडावर ठेचून, कांद्याबरोबर ताटात. बाबा बसमधून उतरले, पाय धुऊन पाटावर बसले आणि नेहमीसारखे जेवले. मी समोर बसून त्यांचा प्रत्येक घास पाहिला. त्यांनी विचारलं, "तू का जागा?" मी म्हटलं, "भूक लागली." आजीने माझ्यापुढेही भाकरी ठेवली. ती पोटात गेली आणि मी तिथेच, चुलीच्या उबेत झोपलो.

मे महिनाभर बातम्या येत राहिल्या. तिकडे गाईचं दूध ओतून देतात, पालेभाजी खात नाहीत, असं ऐकलं आणि भीती चुलीपर्यंत आली. ज्याने मला झोप लागली होती, नेमकं तेच विषारी असतं म्हणायचं. आमची म्हैस बांधावरचं गवत खायची, बोंबील समोरच्या समुद्रातले. मी आठ दिवस लोणी खाल्लं नाही. पोट बिघडलंय, असं आजीला सांगितलं.

जूनमध्ये शाळा उघडली. विज्ञानाच्या सरांनी पहिल्याच तासाला दोनशे पानी वही टेबलावर ठेवली. "चेर्नोबिलबद्दल मनात जे असेल ते यात लिहा. नाव घालू नका." दोन दिवसांत सात-आठ पानं भरली. सरांचं मोठेपण मला यात वाटतं की 'घाबरू नका' हे वाक्य त्यांनी एकदाही उच्चारलं नाही. एकेक प्रश्न वाचायचा आणि उत्तर माहीत असेल तर फळ्यावर आकृती काढून सांगायचं. तिथल्या भट्टीत न्यूट्रॉन कणांचा वेग कमी करायला ग्रॅफाइट होतं आणि त्याला आग लागली. आपल्याकडे तेच काम पाणी करतं आणि त्याच पाण्याची वाफ जनित्र फिरवते. "म्हणून आपल्याकडे काही होणारच नाही, असं मी म्हणत नाही," हेही ते त्याच दमात बोलले. उत्तर माहीत नसेल तिथे लाल शाईने लिहायचे, 'विचारून सांगतो'.

'लोण्यात येतं का?' हा प्रश्न माझा होता. सर म्हणाले, येऊ शकतं. हवेतून गवतावर, गवतातून दुधात. त्यातलं किरणोत्सर्गी आयोडीन दर आठ दिवसांनी निम्मं होतं. २६ एप्रिलपासून शाळा उघडेपर्यंत सहा वेळा निम्मं झालं, म्हणजे चौसष्टातला एक भाग उरला. सीझियम हे त्यातलंच दुसरं द्रव्य मात्र चिवट, त्याला निम्मं व्हायला तीस वर्षं लागतात. आणि हे सगळं तिथल्या गवताबद्दल आहे, आपल्या बांधावरच्या नाही.

त्या संध्याकाळी मी भाकरी घेऊन आजीला गणित शिकवायला बसलो. आठ दिवसांनी अर्धी. सोळा दिवसांनी?

"चतकोर," आजी म्हणाली.

"चोवीस दिवसांनी?"

"नितकोर. पुढे?"

पुढे मला शब्द नव्हता आणि तिलाही. मी तुकडा मोडत गेलो. शेवटी बोटावर कण उरला.

"मग संपतं कधी?"

"संपत नाही आजी. कमी कमी होत जातं."

ती कणाकडे बघत राहिली. "म्हणजे मुंगीच्या वाट्याला राहतंच," म्हणाली आणि माझ्यापुढची मोडलेली भाकरी गोळा करून तिच्यावर लोणी घातलं. मी खाल्लं. महाविद्यालयात पुढे हाच विषय सूत्रांसह शिकलो, पण अर्ध-आयुष्य म्हटलं की अजूनही माझ्या डोळ्यांपुढे भाकरीच मोडते.

पुढच्या वर्षी मुंबईत वेगळीच भीती उठली. दूध योजनेसाठी युरोपकडून मदत म्हणून आलेलं आयर्लंडचं लोणी चेर्नोबिलच्या राखेने बाधलंय का, यावर खटला झाला, तो मुंबईच्या हायकोर्टातून सुप्रीम कोर्टात गेला. १९८८ साली तज्ज्ञांच्या समितीने ते खायला सुरक्षित असल्याचं सांगितलं. तोवर दादरची मावशी दर खेपेला आमच्याकडून लोण्याचा डबा भरून नेत होती. 'म्हैस डोळ्यांसमोर आहे,' एवढंच म्हणायची. मला तिचं म्हणणं तेव्हाही पटलं आणि आजही पटतं. ज्या भीतीला रंग-वास नाही, तिच्यापुढे माणूस डोळ्यांना दिसणारं काहीतरी घट्ट धरतो.

प्रश्नवहीत एका मुलीने लिहिलं होतं, 'काही झालं तर आपण पळायचं कुठे?' (अक्षर मी ओळखलं होतं.) त्यावर कितीतरी दिवस 'विचारून सांगतो' होतं. मग एका शनिवारी सर स्वतः जाणकारांना भेटून आले. पळायचं नाही, घरात थांबायचं. दारं-खिडक्या लावायच्या, विहिरीवर झाकण, उघड्यावरचं काही खायचं नाही, रेडिओ लावून सूचना ऐकायच्या. मी हे घरी सांगितलं. आजीने दुसऱ्या दिवसापासून लोण्याच्या मडक्यावर फडक्याऐवजी पितळी ताटली ठेवायला सुरुवात केली, आणि ताटलीवर पाट्याचा वरवंटा.

माझ्या वर्गातले काही जण अक्करपट्टी-पोफरणचे. तिसऱ्या-चौथ्या अणुभट्ट्यांसाठी ती गावं उठली, घरं दुसरीकडे वसली. त्यांच्या आठवणी त्यांनीच लिहाव्यात. माझ्या लेखणीला तो अधिकार नाही.

११ मार्च २०११ नंतर फुकुशिमाच्या बातम्या लागल्या तेव्हा मी पुण्यात होतो. मुलगी सातवीत. तिने टीव्हीवर पाहिलं आणि विचारलं, "आजोबा राहतात तिथेही असंच आहे ना?" मी 'घाबरू नकोस' म्हणणारच होतो, पण सर आठवले. तिला वही दिली. तिने पाच प्रश्न लिहिले. तीन मला आले, एक बाबांना फोन करून विचारला. बाबा तेव्हा निवृत्त होऊन आठ वर्षं झाली होती, तरी पाऊण तास बोलत होते. रात्री मी तांदळाची उकड काढली. भाकरी फुगली नाही, कडेने फाटली. मुलीने तिचे चतकोर केले आणि लोणी मागितलं.

पाचवा प्रश्न तसाच राहिला आहे, लाल शाईत. सरांची ती वही प्रयोगशाळेच्या जुन्या कपाटात असेल, तर शाळेच्या स्मरणिका समितीने एकदा उघडून बघावी. निळ्या पुठ्ठ्याची आहे. तिसऱ्या पानावर 'लोण्यात येतं का?' असेल आणि त्याखाली सरांच्या हातचं गवताचं, म्हशीचं आणि मडक्याचं चित्र.